चकली कुणाच्या हातचं खाते

शिरूरमध्ये कुणाच्या घरात साप निघाला, की माणसं आधी बोंबलतात आणि मग सर्जेरावाला फोन लावतात. बावीस वर्षं हेच चाललंय. सर्जेराव रांजणगावच्या कंपनीत मशीनवर उभा असतो, पण खिशातला फोन वाजला आणि तो "जनावर निघालंय" म्हणाला, की सुपरवायझरसुद्धा मुकाट्यानं गेटपास लिहून देतो. नाग म्हणू नका, घोणस म्हणू नका, मण्यार म्हणू नका, तीन हजारांच्या वर साप त्यानं पकडले, वनखात्यात नोंदवले आणि रानात नेऊन सोडले. सत्काराच्या शाली तर इतक्या साठल्या, की त्याच्या बायकोनं, गिताबाईनं, त्यातल्या चार-पाच जोडून एक झक्कास गोधडी शिवली. ते त्याला जरा लागलंच होतं, पण ते असो.

तर असा हा माणूस. आणि त्याच्या पोटच्या पोरीनं, राजनंदिनीनं, त्याचा असा पाणउतारा करावा?

राजनंदिनी पुण्यात जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. तिथं कुणीतरी अजगराचं एक पिल्लू ठेवून परदेशी निघून गेलं. आपल्याकडचा अजगर नव्हे हं, तो पाळला तर सरळ कोर्टकचेरी. ही आफ्रिकेतली बारकी जात, वाढून वाढून अडीच हात होणारी, आणि हिचे सगळे कागद सरकारदरबारी रीतसर. ते कागद राजनंदिनीनं आपल्या नावावर करून घेतले. पण तिच्या खोलीची मालकीण म्हणाली, "एकतर साप राहील, नाहीतर तू." म्हणून संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी पोरगी झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा मोठा डबा घेऊन शिरूरला आली. नवी खोली मिळेपर्यंत पिल्लू आई-बापाकडे राहणार होतं.

सर्जेरावानं सकाळीच आतली खोली झाडून, टेबल पुसून ठेवलं होतं. पोरगी दारात आली तसे त्यानं दोन्ही हात पुढे केले. ती त्याला वळसा घालून थेट स्वयंपाकघरात गेली आणि डबा आईपुढे ठेवला.

"मम्मी, ही तुझ्याकडे. महिना झाला, हिनं काही खाल्लेलं नाही. आठवड्यातून एकदा उंदीर दाखवायचा. सलग तीन वेळा जेवेपर्यंत कुणीही तिला हातात घ्यायचं नाही. अजिबात नाही."

गिताबाई कणीक मळत होती. "अगं बया! मला काय ठावं सापाचं? पप्पांना दे की."

"पप्पा पकडतात गं," राजनंदिनी म्हणाली. "खायला तू घालतेस."

झालं! एवढंच बोलली पोरगी, पण सर्जेरावाच्या काळजात ते असं जाऊन बसलं की संध्याकाळपर्यंत त्याला दुसरं काही सुचेना. बरं, भांडावं म्हटलं तर तोंड कुठंय? पोरीचं खरंच होतं. बावीस वर्षांत त्यानं एका सापाला कधी घासभर खायला घातलं नव्हतं. पकडला, पिशवीत टाकला, रानात सोडला, संपला संबंध. आणि गिताबाई? ती जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची, नऊ ते दोन. दोनशे पोरांना वाढायची. जे पोर घरी आईच्या हातचं खात नाही, ते हिच्या पुढ्यात ताट चाटूनपुसून लख्ख करायचं. गिताबाईच्या हाताला काहीतरी हाय, असं सगळी आळी म्हणायची आणि गिताबाईला ते ऐकायला फार आवडायचं. तिला तेवढाच एक गर्व होता.

पिल्लू मात्र देखणं होतं. काळ्या अंगावर मातकट पिवळे ठिपके, आणि सदा वेटोळं करून बसलेलं. गिताबाई वाकून बघत म्हणाली, "ही तर चकलीच की." तेच नाव पडलं.

उंदरांची पाकिटं पुण्याहून बर्फात यायची. गिताबाईनं ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रीजमध्ये वर ठेवली आणि डब्यावर मार्करनं 'चकलीचं' असं लिहिलं. एकदा शेजारच्या नकुशीवहिनींनी तो डबा हौसेनं उघडला. त्यानंतर त्या आठ दिवस फिरकल्या नाहीत.

पहिल्या गुरुवारी चकलीनं तोंड फिरवलं. दुसऱ्या गुरुवारीही तेच. सर्जेराव बाजूला उभा राहून सूचना करायचा. "असं न्हाई, हालव जरा. अगं, पुढून न्हाई, बाजूनं ने. पापडाचा चिमटा काय धरलाय, माझी स्टिक घे." गिताबाई ऐकून घ्यायची आणि स्वतःला हवं तेच करायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं काय करावं? राजनंदिनीनं पुण्याहून दीडशे रुपयांची प्लास्टिकची गुहा आणली होती, ती काढून टाकली आणि माळ्यावरून संक्रांतीचं सुगड खाली काढलं. कडेला टवका उडालेलं, मूठभर तोंडाचं, पोट सुटलेलं बोळकं. ते डब्यात आडवं ठेवलं. चकली सरसर त्यात शिरली आणि चपखल मावली.

"केवढ्याशा जीवाला एवढी मोठी गुहा," गिताबाई म्हणाली. "भ्या वाटत असंल तिला."

तीन हजार साप पकडणाऱ्याला हे सुचू नये?

त्या गुरुवारी तिनं कोमट पाण्यात उंदीर गरम केला, जुन्या फडक्यानं टिपला, पापडाच्या चिमट्यानं सुगडाच्या तोंडाशी नेऊन ठेवला, डब्यावर जुनं लुगडं टाकलं आणि डब्याकडे पाठ करून लसूण सोलत बसली.

"बघ की खाती का!" सर्जेराव कुजबुजला.

"तुम्हीबी फिरा तिकडं. जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघू न्हाई. नजर लागती."

आता हे ऐकून सर्जेरावाचं टाळकं सरकणार नाही तर काय? साप दूध पीत नाही, साप डूख धरत नाही, सापाला नजरबिजर काही कळत नाही, हे सांगत तो तालुक्यातल्या शाळा-शाळांतून फिरला होता. आणि त्याच्याच घरात सापाला नजर लागायला निघाली! तो हसला आणि बोलणार, तेवढ्यात लुगड्याखाली एकदम 'थप्प' असा आवाज झाला. लसणाची कुडी सोलून झाली, तेव्हा गिताबाईनं लुगड्याचं टोक उचललं. उंदीर नव्हता. सुगडातून चकलीचं तोंड बाहेर आलेलं, आणि मानेखाली चांगला फुगवटा.

गिताबाईला असा आनंद झाला, की विचारू नका. पोरीला चकलीचा फोटो धाडून फोन लावला, पोरगी तिकडं दवाखान्यात रडायलाच लागली. "मम्मी, यू आर ग्रेट!" तिनं तो फोटो मित्रमैत्रिणींना पाठवला. पुढच्या आठवड्यात चकली दुसऱ्यांदा जेवली. मग काय, पुण्याहून कुणाकुणाचे फोन येऊ लागले. ज्यांच्या घरी असली पिल्लं होती, ती माणसं गिताबाईला विचारायची, सुगड केवढं घ्यायचं, लुगडं सुतीच हवं का. सर्जेरावाच्या फोनवर फोन यायचे बरं का! तो "बोला, कुठं निघालंय?" म्हणायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "नाही, आम्हाला जरा काकूंशी बोलायचं होतं."

सर्जेरावाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तो बायकोवर जळत होता. उघड सांगायचं तर असंच होतं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी सर्पमित्रानं नाव काढलं असतं, तर त्यानं त्याला चहा पाजून चार दोष काढले असते आणि मोकळा झाला असता. पण बायको! जिला अजून दिवड आणि धामण यांतला फरक सांगता येत नाही ती! घरात तोंड दाबून बुक्क्यांचा मार, सांगायचं कुणाला?

आणि एक दिवस त्याच्या मनानं भलतंच घेतलं. त्याला वाटायला लागलं, चकली गिताबाईला ओळखते. ती डब्याजवळ गेली की जीभ बाहेर येते आणि आपण गेलो की डोकं वेटोळ्यात जातं. आपल्या हाताला शेकडो सापांचा वास हाय, तो तिला खपत न्हाई. तिनं आपल्यावर डूख धरलाय. हो, डूख! ज्या शब्दाच्या विरोधात त्यानं घसा कोरडा केला होता, तोच शब्द घेऊन हा गृहस्थ आपल्याच घरात सापावर रुसला.

मग उपाय काय? ओळख वाढवायची. गिताबाई नऊला शाळेत जायची, दोनला यायची. सर्जेरावानं एका बिहारी पोराशी अदलाबदल करून सेकंड शिफ्ट घेतली. म्हणजे सकाळभर घरात तो आणि चकली. अकरा वाजले, की तो सुगड उपडं करून चकलीला हळूच बाहेर काढायचा, मनगटावर घ्यायचा, कधी गळ्यात घालायचा, तिच्याशी बोलायचा. "मी बी घरचाच हाय गं. मला बी ओळख की." पोरीनं काय सांगितलं होतं ते त्याला आठवत होतं. पण ते नवख्यांसाठी, असं त्यानं ठरवून टाकलं. बावीस वर्षांच्या हाताला कसला नियम!

तिसऱ्या जेवणाच्या गुरुवारी चकली जेवली नाही. गिताबाईनं लुगडं उचललं, तर उंदीर जिथल्या तिथं.

आता खोटं कशाला बोलायचं, त्या क्षणी सर्जेरावाला आतून गार वाटलं. "असतंय असं," तो मोठ्या मनानं म्हणाला. "रोज रोज नशीब थोडंच चालतंय." आणि त्या दिवशी तो कंपनीच्या बसमध्ये शीळ घालत बसला.

पुढचा गुरुवारही कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. एकशे वीस ग्रॅमची चकली सुगडासकट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली, तर सुगड वजा जाता शहाण्णव भरली. पाठीचा कणा वरून दिसायला लागला. सर्जेरावाच्या हाताला मात्र तो रोज लागतच होता. त्याला भीती वाटू लागली होती, पण हात थांबेना. आज ओळखील, उद्या ओळखील, आणि गिताबाईच्या हातचं सोडून माझ्या हातचं खाईल, मग सांगेन सगळ्यांना, असं त्याचं चाललेलं.

गिताबाई मात्र खचली. तिनं पाण्याची वाटी बदलून पाहिली, फडकं बदललं, शेवटी साबण बदलला. एका रविवारी संध्याकाळी ती भाकरी करता करता थांबली आणि म्हणाली, "उद्यापास्नं शाळेत तानुबाई वाढनार. मी नुसती शिजवीन."

"का गं?"

"माझ्या हाताचं काय तरी बिघाडलंय. परवा दोन पोरांनी ताटात टाकलं. हिकडं ही तोंड लावत न्हाई. उगा लेकरांना उपाशी कशाला ठिवायचं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, सर्जेरावाला तिच्याकडे बघवेना. बोलावं, असं एकदा जिभेवर आलं. पण बोलायचं म्हणजे काय बोलायचं? 'मी तुझ्यावर जळत होतो, म्हणून रोज पिल्लाला काढत होतो'? अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस! त्यानं पुढ्यातली भाकरी कालवणात बुडवली आणि जेवत राहिला.

राजनंदिनीनं केडगावचे डॉक्टर इमॅन्युएल यांचं नाव दिलं. दौंड तालुक्यात गाई-म्हशींचे डॉक्टर म्हणून त्यांचं नाव, पण सापा-पाखरांचंही शिकून आलेले. "रविवारी चर्च असतं, सोमवारी या," ते म्हणाले. सोमवारी सर्जेरावानं सुट्टी टाकली, गाडी काढली, गिताबाई मागे पिशवी पोटाशी धरून बसली, आणि न्हावरं, चौफुला करत दोघं केडगावला पोचले.

डॉक्टरांनी चकलीला उलटीसुलटी पाहिली. "आजार न्हाई हिला काही. घाबरलीय. बाई, हिला कुणी हातात घेतं का?"

"न्हाई ओ डॉक्टर! मी तर डब्याला धक्का लागू देत न्हाई."

डॉक्टरांनी सर्जेरावाकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मी कशाला घेतोय," सर्जेराव म्हणाला. "माझी ड्युटी असती."

"मग आठ दिवस थांबू. तेवढ्यात न्हाई खाल्लं, तर पोटात नळी घालून द्यावं लागंल. एवढ्याशा जीवाला ते सोसंलच असं न्हाई, आधीच सांगतो." मग गिताबाईच्या सुगडाची हकिकत ऐकून डॉक्टर खुश झाले. "हे भारी सुचलं तुम्हाला. मी पण दुसऱ्यांना सांगीन."

परतीच्या वाटेवर न्हावऱ्याच्या आधी सर्जेरावानं गाडी थांबवून उसाचा रस घेतला. नळीची धास्ती एका बाजूला आणि 'भारी सुचलं तुम्हाला' दुसऱ्या बाजूला, आणि त्यातलं दुसरं जास्त टोचत होतं. इतका गेला होता तो माणूस.

चार दिवस त्यानं डब्याला हात लावला नाही. गुरुवारी गिताबाईनं पुन्हा उंदीर ठेवून पाहिला. चकली सुगडाच्या तळाशी मुटकुळं करून बसली ती बसलीच. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी गिताबाई शाळेत गेली. सोमवार समोर उभा होता. सर्जेरावाला कळून चुकलं, की आता जे काही करायचं ते आजच. आपण बिघडवलं, आपणच निस्तरायचं. आणि निस्तरलं, तर नाव कुणाचं होईल? छे, अजूनही तो विचार गेला नव्हता.

त्यानं श्रीखंडाच्या डब्यातून उंदीर काढला, पाणी गरम केलं, हात दोनदा धुतले. पापडाचा चिमटा घेऊन डब्यापुढे मांडी घातली. लुगडंबिगडं काही नाही. समोरासमोर बसून बघायचं होतं त्याला.

"खा गं माझे आई," तो म्हणाला. "खा. पाया पडतो."

दहा मिनिटं झाली. वीस झाली. उंदीर गार झाला, पुन्हा गरम केला. चिमटा धरून हाताला मुंग्या आल्या. चकली जीभसुद्धा बाहेर काढेना. पाऊण तासानं सर्जेरावाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं की भीतीचं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्यांत साप शिरलाय, हमाल वर चढून बसलेत, लवकर या. सर्जेरावानं उंदीर सुगडाच्या तोंडाशी टाकला, लुगडं डब्यावर फेकलं, स्टिक घेतली आणि गाडीला किक मारली.

यार्डात होती धामण. पकडून, पिशवीत घालून, वनखात्यात नोंद करून, नदीच्या पलीकडे सोडून तो परत आला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्यानं लुगडं उचललं. उंदीर नाही. सुगडाच्या बाजूला बघितलं, डब्याचे चारी कोपरे बघितले. मग टॉर्च मारला. आत चकली, आणि तिच्या मानेखाली फुगवटा.

"खाल्लं!" सर्जेराव ओरडला. "आयला, खाल्लं! माझ्या हातचं खाल्लं!" आणि त्यानं मांडीवर अशी थाप मारली, की शेजारी नकुशीवहिनींनी विचारलं, "काय झालं ओ भावजी?"

"काय न्हाई, काय न्हाई!" कॉलर ताठ करून तो घरभर फिरला. आधी कुणाला सांगावं? राजीला. न्हाई, आधी गितेला. तिचं तोंड कसं होतंय ते बघायचं. डॉक्टरांनाही फोन करायचा. काय म्हणायचं ते त्यानं मनात जुळवलं: आम्ही म्हटलं, बघू एकदा आपल्या हातानं.

तो असा रंगात आलेला, आणि दारात चपला वाजल्या. दीडच वाजला होता. गिताबाई धापा टाकत आत आली आणि तिनं खुंटीवरची कापडी पिशवी ओढली.

"चला, गाडी काढा. डॉक्टरांचा फोन आला शाळेत. सोमवारी त्यांना दौंडला कॅम्प हाय, आजच चारच्या आत या म्हनाले. नळी आजच घालत्यात." आणि ती डब्याकडे वळली.

सर्जेरावाची कॉलर बसली. आज पोटात घास गेलेलं पिल्लू, त्याला उचलायचं, पन्नास किलोमीटर खड्ड्यांतून न्यायचं, वर घशात नळी. खाल्लेलं सगळं उलटून पडलं असतं, आणि त्यात पिल्लू वाचलं नसतं. एवढं तर त्याला कळत होतं.

"हात लावू नको तिला," तो म्हणाला.

"का?"

"तिनं खाल्लंय."

गिताबाई वाकलेली तशीच राहिली. "कवा?"

"आत्ता. मघाशी."

"कुनी घातलं?"

"मी," सर्जेराव म्हणाला.

त्यानं मनात काय काय चित्र रंगवलं होतं! तिचं तोंड उतरेल, ती कसनुसं हसेल, मग आपण मोठेपणा दाखवून म्हणू, 'अगं, होतंय असं.' पण गिताबाई मटकन खाली बसली, तिनं लुगड्याची कड उचलून आत पाहिलं आणि तोंडावर पदर घेऊन ओक्साबोक्शी रडायला लागली. रडता रडता हसायला लागली. "तुमच्या हातचं खाल्लं! अवो, वाचली की ती! देव पावला!" मग तिनं फोन घेतला, डॉक्टरांना येत नाही म्हणून सांगितलं आणि लगेच पोरीला लावला. "राजे, चकलीनं खाल्लं गं! पप्पांनी घातलं! माझ्यानं झालं न्हाई, पप्पांनी करून दाखीवलं!"

सर्जेराव तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तो शोधत होता, आणि त्याला सापडेना. जळण्याची एक रेघ नव्हती तिथं. जे नाव त्यानं दीड-दोन महिने जीव जाळून मागितलं होतं, ते तिनं पोराच्या ताटात जास्तीची पळी वाढावी तसं वाढून टाकलं होतं. आणि बघा माणसाचा स्वभाव, त्याला आता त्याचाही हेवा वाटला. आपल्याला हे कधी जमणार नाही, याचा.

गिताबाईनं फोन स्पीकरवर टाकला. "पप्पा!" राजनंदिनीचा आवाज खोलीभर झाला. "पप्पा, सॉरी. मी तुमच्याकडेच द्यायला हवी होती तिला. कसं केलंत, सांगा ना. नीट सांगा, मी लिहून घेते. पुढच्या गुरुवारी अगदी तस्संच करायचं, नाहीतर ती परत सोडेल."

बावीस वर्षांत असा आवाज त्यानं पोरीच्या तोंडून स्वतःसाठी ऐकला नव्हता. सांगायला काय, हजार गोष्टी सांगता आल्या असत्या. चिमटा असा धरला, हात असा धुतला. आणि पुढच्या गुरुवारी त्या दोघींनी अगदी तस्संच केलं असतं, आणि त्याच्या पुढच्याही, आणि चकली उपाशी मेली असती. गिताबाई डोळे पुसत त्याच्याकडे बघत होती. तिलाही शिकून घ्यायचं होतं.

"पप्पा? ऐकू येतंय का?"

"येतंय," सर्जेराव म्हणाला. "लिही. एक नंबर. रोज अकरा वाजता, मम्मी शाळंत गेली की, पप्पा तिला सुगडातनं काढून गळ्यात घालून बसायचे. ते बंद करायचं."

गिताबाई उठून उभी राहिली.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज. चार दिवस सोडून."

"म्हंजी माझ्या हाताला काय झालं नव्हतं?"

"न्हाई," सर्जेराव म्हणाला. "तुझ्या हाताला काय बी झालं नव्हतं, गिते. मला झालं होतं."

तिनं त्याच हातानं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्याचा धक्का लागून डबा हलला आणि दोघंही घाबरून आधी डब्याकडेच धावले.

"मम्मी, काय पडलं?" राजनंदिनी विचारत होती.

"काय न्हाई पडलं," सर्जेराव पाठ चोळत म्हणाला. "तू लिही. दोन नंबर. उंदीर ठिवायचा, वरनं लुगडं टाकायचं, आन् पप्पांनी घरातनं भाईर जायाचं."